उठलेले गाव, उठवलेले गाव

एका तरुण मित्राने मागे छायाचित्रांचा एक गठ्ठा माझ्यापुढे आणून ठेवला. न्हावा-शेवा, उरण आणि पनवेलच्या खाडीकाठच्या पडक्या वास्तूंची बेचाळीस छायाचित्रे. त्यांचे पुस्तक करायचे होते आणि प्रस्तावना मी लिहावी अशी त्याची इच्छा होती. ती मी लिहिली नाही. का लिहिली नाही, हे त्याला तोंडी सांगताना मला नीट जमले नाही, म्हणून हा लेख.

आधी त्याच्या बाजूचे सांगतो. मुलगा गुणी आहे. कॅमेरा कुठे धरायचा आणि बोट कधी आवरायचे, दोन्ही त्याला कळते. छप्पर गेलेली मिठागराची कचेरी, गाळात कलंडलेली होडी, जमिनीत अर्धा रुतून गंजलेला कंटेनर, भिंतीवर उधाणाच्या पाण्याने ओढलेले पट्टे. यातले एकही चित्र भडक नाही. पावसाळा संपता संपता कोकणातल्या भिंतींवर जो हिरवा-काळा रंग चढतो तो इतका नेमका मी छायाचित्रात क्वचित पाहिला आहे. मात्र बेचाळीस चित्रांत माणूस एकही नाही. हे त्याने ठरवून केले होते. ‘माणूस आला की बघणारा माणसाकडेच बघतो सर, भिंत राहून जाते,’ असे त्याचे म्हणणे. म्हणणे अगदीच चुकीचे नाही.

बंद कारखाने, इस्पितळे, नाट्यगृहे, स्थानके यांत शिरायचे, छायाचित्रे काढायची आणि काही न हलवता परत यायचे, हा छंद आता जगभर आहे. त्याचे नियम आहेत आणि बाजारही आहे. इव्ह मार्शां आणि रोमँ मेफ्र या दोन फ्रेंच तरुणांचे डेट्रॉइटच्या भग्नावशेषांवरचे पुस्तक २०१० साली आले आणि बरेच गाजले. त्यातले ओसाड रेल्वे स्थानक आणि नाट्यगृह पाहताना रोमच्या अवशेषांसमोर उभे आहोत असे वाटते. तसे वाटावे, अशीच ती चित्रे घेतली आहेत. त्याच वर्षीच्या जनगणनेत डेट्रॉइटमध्ये सात लाखांहून अधिक माणसे मोजली गेली. पुस्तकात ती जवळजवळ नाहीतच. कामिलो होसे व्हेर्गारा हा चिलीत जन्मलेला छायाचित्रकार अमेरिकेतल्या अशाच मोडकळीला आलेल्या वस्त्यांत फिरला. पण तो त्याच कोपऱ्यावर, त्याच घरासमोर वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा जाऊन उभा राहिला. त्याची चित्रे ओळीने लावली की दुकान बंद होते, दार विटांनी चिणले जाते, शेजारचे घर नाहीसे होते, मग कुणीतरी तिथे भाजी लावते. एकेकटे पाहिले तर त्यातले बरेच चित्र साधेसुधे आहे. ओळीत मात्र ते काहीतरी सांगू लागते.

आपल्याकडे हा छंद येण्याआधी चित्रपट आला. कुलाब्याची मुकेश मिल १९८२ नंतर बंद पडली ती पडलीच. संपाचे ते वर्ष, त्यात आग. पुढे तिच्या काळवंडलेल्या भिंतींत चित्रीकरणे होऊ लागली. ‘हम’ (१९९१) मधले गाजलेले गाणे तिथलेच. गिरणी कामगाराने जिथे पाळी भरली तिथे नंतर नट गोदी कामगाराच्या वेशात नाचला. यात मला चीड येण्याजोगे काही वाटत नाही, पडक्या जागेला पोट भरण्याचा हक्क आहे. फक्त भिंत कशाने काळी झाली हे पडद्यावर कळत नाही, एवढेच.

माणूस वगळून वास्तू पाहायची ही नजर आपल्या देशात नवी मात्र नाही. १८५८ साली फेलिचे बियातो लखनौत पोचला. वाजिद अली शाहने बांधलेल्या सिकंदरबागेत नोव्हेंबर १८५७ मध्ये सुमारे दोन हजार शिपाई कापले गेले होते. बियातोने काही महिन्यांनी घेतलेल्या चित्रात पडझड झालेली इमारत आहे आणि पुढच्या अंगणात हाडे विखुरली आहेत. ती हाडे चित्रासाठी उघडी केली गेली, मांडली गेली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मागे चार-दोन जिवंत माणसे आणि एक घोडाही आहे. ती माणसे कोण हे कुणाला सांगता येत नाही. भारतातल्या भग्न वास्तूच्या छायाचित्राचा हा एक आरंभ आहे. मेलेल्यांना भिंतीची शोभा वाढवण्यासाठी पुन्हा एकदा कामाला लावले गेले.

विजापूरचे उदाहरण इतके भयंकर नाही, पण मला ते जास्त महत्त्वाचे वाटते. १८६६ साली मेडोज टेलर आणि फर्ग्युसन यांच्या लेखनासह विजापूरच्या वास्तूंचा छायाचित्रांचा मोठा ग्रंथ लंडनमध्ये निघाला. त्यातले घुमट आणि कमानी कुणालाही मोहात पाडतील. पण ही चित्रे पाहत मोठे झालेल्या सुशिक्षित माणसाच्या मनात मुसलमानाची वास्तू म्हणजे घुमट, गवत आणि वटवाघळे, हे समीकरण पक्के होते. ज्यांनी बांधले ते गेले, इथे आता कुणी नाही. प्रत्यक्षात त्या इमारती रिकाम्या नव्हत्या. त्यांत सरकारी कामे चालत. विजापूरच्या एका मशिदीत डाक बंगला होता आणि तो आपण तिथून हलवला, असे खुद्द कर्झनने सांगितले आहे. म्हणजे मशीद ओसाड पडली नव्हती, ताब्यात घेतली गेली होती. छायाचित्रात या दोन गोष्टी सारख्याच दिसतात.

इथे मला आपल्या भाषेची मदत घ्यावीशी वाटते. मराठीत ‘बेचिराख’ असा शब्द आहे. आज आपण तो जळून खाक झाले या अर्थाने वापरतो, कारण शेवटी ‘राख’ ऐकू येते. मूळ फारसी शब्द ‘बेचिराग’. चिराग नाही ते, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते गाव. जुन्या महसुली दप्तरात वस्ती नसलेल्या गावाला हाच शब्द असे. गाव भग्न आहे की नाही हे कारकून भिंतींवरून ठरवत नव्हता, संध्याकाळी दिवा लागतो का, यावरून ठरवत होता. हा निकष मला कोणत्याही छायाचित्रकाराच्या निकषापेक्षा पक्का वाटतो.

दुसरी मदत क्रियापदांची. प्लेगात गाव उठले, असे आपण म्हणतो. धरणासाठी गाव उठवले, असेही म्हणतो. पंगत उठणे आणि कुणाला पंगतीतून उठवणे यातला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. घर पडते आणि घर पाडतात. व्याकरणात याला प्रयोजक क्रियापद म्हणतात. ते आले की ‘कुणी?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो. छायाचित्राला प्रयोजक क्रियापद नाही. पडलेली भिंत आणि पाडलेली भिंत त्याला एकच. म्हणून पडक्या वास्तूच्या छायाचित्राची समीक्षा करताना उजेड-सावलीच्या आधी मी हे पाहतो, की छायाचित्रकाराने ही उणीव ओळखली आहे का, आणि ती भरून काढायला तो चित्राच्या ओळीतून, मांडणीतून, निदान पानाखालच्या दोन वाक्यांतून काही करतो का.

मित्राच्या गठ्ठ्यात विमानतळाच्या जागेतली सहा चित्रे आहेत. २०२५ साली सुरू झालेल्या नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावे हलवली गेली, तेव्हा घरे रिकामी होऊन पाडली जाण्यापूर्वीच्या दिवसांत तो तिथे फिरला. एका चित्रात दाराच्या जागी नुसता चौकोन आहे, त्यातून टेकडीची कापलेली बाजू दिसते. त्याने खाली लिहिले आहे, ‘काळाचे दार’. मी त्याला विचारले, चौकट कुठे आहे? भिंत शाबूत, गिलावा शाबूत, रंग ताजा, मग चौकटच तेवढी कशी गेली? चौकट काळाने नेली नाही. घरमालकाने पहारीने सोडवून टेम्पोत घातली आणि नव्या जागी नेली. भिंतीत पहारीच्या खुणा त्या चित्रात स्पष्ट दिसतात. तोच त्या चित्राचा जिवंत भाग आहे आणि मथळ्याने नेमका तोच पुसला आहे. हे त्याला पटले. मथळा काढतो म्हणाला.

शेव्याचे तसे नाही. शेव्याचे छायाचित्र त्याच्या गठ्ठ्यात नाही आणि असूही शकत नाही. मूळ शेवा कोळीवाडा बंदरासाठी उठवला गेला आणि तिथे पडकी भिंतसुद्धा उरली नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली या पट्ट्यातले शेतकरी जमिनीच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर आले, १६ आणि १७ तारखांना गोळीबार झाला, पाच माणसे गेली. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व आले. २६ मे १९८९ रोजी बंदर सुरू झाले. पुढे ते देशातले सर्वांत मोठे कंटेनर बंदर ठरले. बंदराला नाव पंडित नेहरूंचे आहे, पण जगभरच्या जहाजी कागदांवर आजही ‘न्हावा शेवा’ असेच छापले जाते. रॉटरडॅमच्या गोदामातला कारकून हे नाव रोज वाचत असेल. गावाचा अवशेष म्हणून उरले ते हे नाव, आणि त्याचा फोटो निघत नाही.

शेवा कोळीवाड्यातली दोनशेहून अधिक कुटुंबे उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात आणून बसवली गेली. या नव्या वस्तीला वाळवी लागली. दारे, खिडक्या, छपराचे वासे, आतले कपाट, सगळे पोखरले गेले. पुन्हा नीट पुनर्वसन करा म्हणून ही माणसे तीन दशकांहून अधिक काळ अर्ज, मोर्चे, उपोषणे करत आली. मासेमारीचे वेगळेच. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने या खाडीतल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपयांची भरपाई द्यावी असा निकाल दिला. त्याविरुद्ध प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

आता सतरावे चित्र. त्याच्यामुळेच माझी प्रस्तावना अडली. एका घराची पुढची भिंत. खिडकीची चौकट वाळवीने अशी खाल्लेली की लाकडाच्या जागी मातीच्या शिरा उठल्या आहेत. उजेड डावीकडून, सकाळचा. चित्र देखणे आहे यात वाद नाही. गठ्ठ्यातले सर्वांत देखणे तेच. खाली फक्त ‘ओसाड, उरण’. पण उजव्या कडेला खिडकीच्या गजाला नायलॉनच्या निळ्या दोरीची गाठ आहे आणि दोरी ताणलेली आहे. चित्र तिथे संपते. ताणलेली दोरी म्हणजे दुसऱ्या टोकाला काहीतरी वाळत आहे. मी विचारले, काय वाळत होते? तो जरा थांबला. म्हणाला, ‘कपडे होते. लहान मुलाचे. मी काही हलवले नाही सर, फक्त फ्रेमच्या बाहेर ठेवले.’

घर हनुमान कोळीवाड्यातले होते. तिथे रोज दिवा लागतो. दप्तरातल्या कारकुनाने त्या गावापुढे ‘बेचिराग’ लिहिले नसते, मित्राने लिहिले.

त्याच्यावर राग काढून उपयोग नाही. त्याचे स्वतःचे घर रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका गावात आहे. वडील कुवेतला, चुलते दक्षिण आफ्रिकेत. घराला कुलूप. आपल्यापैकी अनेकांची घरे अशीच. बाहेरचा कुणी आला तर त्याला ती मोडकी, सोडलेली वाटतात. प्रत्यक्षात दर मे महिन्याआधी कुणीतरी पैसे पाठवतो, कौले चाळली जातात, विहीर उपसली जाते, शेजारीण आठवड्याला अंगण झाडते. हे घर उठलेले नाही, उठवलेले नाही. ते वाट पाहत बंद आहे. हमीद दलवाईंच्या ‘इंधन’मध्ये (१९६५) बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या गावी परतलेला माणूस आहे. आपल्या लेखनाने घराकडे पाहिले ते असे, परतणाऱ्याच्या नजरेने. मी मित्राला म्हटले, तुझ्या अम्मीच्या बंद घराचा फोटो कुणी ‘ओसाड’ म्हणून छापला तर? तो हसला, पण बोलला नाही.

खरोखर उठलेल्या वस्तीचे उदाहरणही आपल्याच किनाऱ्यावर आहे. जंजिऱ्याच्या किल्ल्यात १९४८ साली संस्थान विलीन झाल्यानंतरही काही काळ वस्ती होती. पाणी ओलांडून रोजचे जगणे अवघड, म्हणून लोक हळूहळू काठावर गेले. तिथल्या रिकाम्या वाड्याचे चित्र मोकळ्या मनाने घ्यावे. तरीही, गडांवर लिहिणाऱ्या मराठी लेखकांशी माझे इतिहासाच्या बाबतीत कितीही मतभेद असले तरी त्यांची एक सवय मला मान्य आहे. गडावर गेल्यावर ते विचारतात, इथे कोण राहत होते, पाणी कुठून आणत होते. गो. नी. दांडेकरांना टाके सापडले की तटबंदीइतकाच आनंद होई. पडक्या गोदामात शिरणाऱ्याने निदान एवढे तरी विचारावे.

या नजरेची दुसरी खोड अशी, की जे चालू आहे ते तिला दिसत नाही. न्हाव्याला ‘ट्रेनिंग शिप रहमान’ आहे. १९१० पासूनची ही संस्था, सर महमद युसुफ यांच्या नावाशी जोडलेली; जोगेश्वरीचे इस्माईल युसुफ कॉलेज उभे राहिले तेही त्यांच्याच देणगीतून. इथून पोरे जहाजावर गेली, अजून जातात. कोकणातल्या मुसलमान घरांत खलाशी, सारंग, तांडेल यांच्या किती पिढ्या झाल्या हे आपल्या वाचकांना मी काय सांगावे. मित्र न्हाव्याला चार वेळा गेला, जवळच्या मोडक्या धक्क्याची सात चित्रे घेऊन आला. संस्थेचे एकही नाही. ‘ती चांगल्या स्थितीत आहे,’ म्हणाला. मुसलमानांचे या खाडीशी नाते दाखवायला मोडका धक्का चालतो, चालती शाळा चालत नाही. विजापूरच्या ग्रंथाची नजर दीडशे वर्षांनी आपल्याच पोराच्या कॅमेऱ्यात शिरली, याचे मला वाईट वाटले.

बंदराचे छायाचित्रण कसे करावे याचा एक धडा अ‍ॅलन सेकुला या अमेरिकी छायाचित्रकाराच्या ‘फिश स्टोरी’ (१९९५) या पुस्तकात आहे. कंटेनर आला आणि बंदरातली माणसे दिसेनाशी झाली. गोणी उचलणारा, मोजणारा, शिव्या देणारा, सगळे एका लोखंडी पेटीमागे गेले. सेकुला ती माणसे शोधत जगभर बंदरांतून फिरला आणि चित्रांना त्याने लांब मजकूर जोडला. मजकूर कधी कधी कंटाळवाणा होतो, हे खरे. पण चित्र त्याच्याशिवाय उभे राहत नाही आणि तो चित्राशिवाय, असा तो संसार आहे.

न्हाव्याच्या काठावरून समोर घारापुरी दिसते. ती आपल्या भागातली सर्वांत अधिक छायाचित्रे निघालेली भग्न वास्तू. १९८७ साली लेणी जागतिक वारशाच्या यादीत गेली. त्याच बेटावर राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशी तीन गावे आहेत. समुद्राखालून केबल टाकून त्यांना वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. तोवर संध्याकाळी काही तास जनित्र चाले. समोर बंदराचे दिवे रात्रभर खाडी उजळून टाकत असताना हे लोक कंदील पुसत होते. बेटाच्या असंख्य छायाचित्रांत त्रिमूर्ती आहे, पडके खांब आहेत, माकडेसुद्धा आहेत. कंदील मी पाहिलेला नाही.

मित्राचा एक आक्षेप मी टाळणार नाही. तो म्हणाला, ‘सर, तुम्ही म्हणता तसे केले की ते बातमीतले चित्र होते. कला कुठे राहिली?’ प्रश्न खरा आहे. विस्थापितांची चित्रे म्हणून जे सहसा छापले जाते ते मलाही आवडत नाही: सुरकुतलेली म्हातारी, डोळ्यांत पाणी, मागे बुलडोझर. त्यातही माणूस नसतोच, केवळ दया मागणारा चेहरा असतो. मी माणूस घाल असे म्हणत नव्हतो. दोरी पूर्ण घे, एवढेच म्हणत होतो. लहान मुलाचे वाळत घातलेले कपडे आणि वाळवीने खाल्लेली खिडकी एका चौकटीत आली तर चित्र कमी देखणे होईल का? मला उलटे वाटते. आत्ता ते शांत आहे, मग ते अस्वस्थ होईल.

महिन्याभराने तो सतरावे चित्र मोठे छापून त्या घरी घेऊन गेला. माफी मागायला असे त्याने म्हटले नाही, पण त्यासाठीच. घरच्या बाईंनी चित्र हातात घेऊन बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, ‘चांगला आलाय. पण खालचा भाग आला नाय. वाळवी खालून चढते. तो पण काढ, आणि आतला वासा. अर्जाला जोडायला लागतात.’ आतून एक प्लास्टिकची पिशवी आणली. तीत वर्षानुवर्षांच्या अर्जांच्या प्रती होत्या आणि प्रत्येकीला टाचणीने लावलेले फोटो: स्टुडिओवाल्याकडून काढून घेतलेले, लग्नाच्या रोलमध्ये उरलेल्या जागेत काढलेले, अलीकडचे मोबाइलवरचे. तीच खिडकी, तोच कोपरा, दर खेपेला थोडी अधिक खाल्लेली.

ती पिशवी त्याने मला नंतर दाखवली. बाईंनी दोन दिवसांसाठी दिली होती. मी ते फोटो टेबलावर तारखांप्रमाणे ओळीने लावले. उजेड वाईट, काही हललेले, एकात कुणाचे तरी बोट आले आहे. प्रत्येकाच्या मागे बॉलपेनने घर क्रमांक, तारीख, आणि कशाचा फोटो आहे ते दोन शब्दांत. एकामागे लिहिले होते, ‘खिडकी. माणसे राहतात.’

मित्राने त्या घराचे आणखी चार फोटो काढून दिले. खालचा भाग, आतला वासा, दाराची चौकट, आणि चौथा दोरीसकट. मागे काय लिहायचे ते त्याने बाईंनाच विचारून घेतले. पुस्तकाचे काम त्याने तूर्त बाजूला ठेवले आहे.